तावदानं काढण्याआधी

आमच्या चर्चच्या दक्षिणेकडच्या भिंतीतल्या लाकडी खिडक्या काढून तिथे ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवाव्यात, असा विषय पास्टोरेट कमिटीपुढे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, आला तेव्हा त्याला विरोध करणारं जवळपास कुणीच नव्हतं. देणगी द्यायला मंडळीतलं एक कुटुंब पुढे आलं होतं. वडिलांच्या स्मरणार्थ काहीतरी टिकाऊ आणि देखणं करावं, अशी त्यांची इच्छा होती. पावसाळ्यात आत झिरपणारं पाणी, न लागणाऱ्या कड्या, एका झडपेला ठोकलेला प्लायवुडचा तुकडा हे सगळ्यांनाच खुपत होतं. चर्चवर जीव आहे म्हणूनच माणसं पदरमोड करायला निघाली होती. तरीही मी उभी राहिले आणि नको म्हणाले. का नको, ते सभेत पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. चर्चचं नाव मुद्दाम देत नाही. नाशिक जिल्ह्यात शरणपूरपासून देवळालीपर्यंत आणि इगतपुरीपासून मनमाडपर्यंत मिशन, लष्कर आणि रेल्वे यांच्या निमित्ताने ख्रिस्ती वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांच्याबरोबर चर्चही आली. जिथे जिथे जुनी इमारत आहे तिथे हा विषय आज ना उद्या निघणारच.

आधी काचेबद्दल.

दक्षिणेच्या बाकावर बसून खिडकीतून बाहेरच्या कडुनिंबाकडे पाहताना मान जरा हलवली, की वारा नसतानाही फांद्या हलतात. लहानपणी प्रवचन लांबलं की आम्ही पोरं हाच खेळ खेळायचो. काच सपाट नसल्यामुळे हे होतं. त्या काळची काच तोंडाने फुंकलेली असायची. लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, फुंकत आणि झोके देत त्याचं लांबट नळकांडं करायचं, दोन्ही टोकं छाटायची, उभी चीर द्यायची आणि भट्टीत पुन्हा तापवून ते उलगडून सपाट करायचं. माणसाच्या हाताने उलगडलेली काच कितीही सपाट केली तरी तिच्यात लाटा राहतात, तांदळाच्या दाण्याएवढे बुडबुडे राहतात. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काच तरंगवत पसरवण्याची पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली, आणि पुढे हळूहळू जगभरच्या खिडक्या अगदी सपाट झाल्या. आमची तावदानं त्याच्या कितीतरी आधीची. यातलं एक फुटलं तर तसं दुसरं नाशिकच्या कुठल्याही काचेच्या दुकानात मिळत नाही. नवी काच बसते, माप जुळतं, पण त्या एका चौकोनात कडुनिंब थिजलेला दिसतो आणि बाजूच्या चौकोनांत तो जिवंत असतो.

सभेत एकांनी सांगितलं की ही काच आता वितळत चालली आहे, तावदानं खाली जाड झाली आहेत, म्हणजे त्यांचं आयुष्य संपलं. हा गैरसमज फार ठिकाणी ऐकू येतो. काच खोलीच्या उष्णतेला वाहत नाही, शंभर वर्षांत नाही आणि हजार वर्षांतही नाही. तावदान एका कडेला जाड असतं कारण ते बनवतानाच तसं झालेलं असतं. आमच्याकडे एक तावदान वरच्या बाजूला जाड आहे. बसवणाऱ्याने ते तसं धरलं आणि तसंच बसवलं.

लाकडाची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण खिडक्या बदलायचं कारण म्हणून नेहमी लाकूडच पुढे केलं जातं. 'सगळं सडलंय' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की जुन्या नाशकातल्या वाड्यांची कामं केलेल्या एका वयस्कर सुतारकाकांना बोलावून आणलं. भद्रकाली, सराफ बाजार या भागातले वाडे पाडले जात असताना त्यातलं लाकूड ओळखून बाजूला काढणं हेही त्यांचं काम होतं. ते आले, पिशवीतून एक टोचा काढला आणि सगळ्यांत वाईट दिसणाऱ्या खिडकीपाशी उकिडवे बसले. खालच्या आडव्या पट्टीत टोचा घातला तर तो मुठीपर्यंत आत गेला. तिथून चार बोटं वर घातला, तर टोक अडलं. आणखी वर घातला तेव्हा आवाजच वेगळा आला, ठक्क असा. त्यांनी रंग थोडा खरवडला, रंध्याचा एक हात फिरवला आणि लाकडाचा सोनेरी तपकिरी पट्टा उघडा पडला. सागाचा तो तेलकट वास इतक्या वर्षांनंतरही आला.

"ताई, हे टाकून द्यायला निघालात?" काका म्हणाले. "खालची वीतभर पट्टी गेलीये. बाकीचं आपल्या दोघांच्या मागं राहील."

जुन्या जंगलातला, सावकाश वाढलेला साग दाट असतो. त्याच्या अंगात नैसर्गिक तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आज लागवडीतला जो कोवळा साग बाजारात येतो त्याच्यात हा कस नसतो. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस आमच्या दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर थेट आपटतो, पाणी झडपेवरून ओघळून खालच्या पट्टीशी थांबतं, म्हणून लाकूड तिथेच आणि तेवढंच जातं. उत्तरेच्या भिंतीतल्या खिडक्यांना काही झालेलं नाही. सडण्याला कारण असतं, जागा असते आणि मर्यादाही असते. ती न बघता अख्खी खिडकी उतरवणं म्हणजे पायाला काटा लागला म्हणून पाय बदलायला काढणं.

आणि लाकूड किती टिकतं याबद्दल महाराष्ट्रात तरी कुणी शंका घेऊ नये. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आजही आहेत.

काकांनी ती एक झडप उतरवली आणि मांडवाखाली दोन लाकडी सुतारी घोड्यांवर आडवी ठेवली. पुढचं काम मी जवळून पाहिलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. काचेच्या कडेला जी पुटीनची, म्हणजे काच पक्की करणाऱ्या लांबीची, तिरकी धार असते ती दगडासारखी झाली होती. ती पटाशीने ठोकून काढली तर काच जाते, हे ठरलेलं. काकांनी ती गरम हवेच्या गनने थोडी थोडी तापवली, काचेवर ओल्या पोत्याचा तुकडा धरून, आणि मऊ पडलेली पट्टी बोथट सुरीने उचलली. आत बारीक लोखंडी चुका होत्या, त्या पक्कडीने काढल्या. मग तावदान दोन्ही तळव्यांनी मागून अलगद दाबलं. ते सुटलं तेव्हा काका काही बोलले नाहीत, फक्त ते माझ्या हातात दिलं. आजच्या काचेपेक्षा ते पातळ आणि हलकं होतं. कडेवर खडूने आकडा टाकला, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि उभं ठेवलं. काच आडवी रचायची नाही, कायम उभी ठेवायची.

सडलेली पट्टी तिरका काप घेऊन कापली. तिरका का, तर सांध्याचा पृष्ठभाग वाढतो आणि पाणी आत न मुरता बाहेरच्या बाजूला उतरतं. तिथे जोडलेला तुकडा सराफ बाजाराकडच्या एका पाडलेल्या वाड्याच्या तुळईतला होता. कुठल्यातरी पेशवाई वाड्याचा साग आता आमच्या चर्चच्या खिडकीत आहे, आणि मला हे फार आवडतं. सांध्याला खिळा नाही, लाकडाच्याच दोन खुंट्या. मूळ झडपेचे सगळे सांधेही तसेच होते, लाकडात लाकूड अडकवलेले. म्हणूनच ती उलगडता आली.

मला या सगळ्या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे, ती ही. जुनी खिडकी बनवणाऱ्याने ती पुढे दुरुस्त होणार हे धरूनच बनवलेली असते. तिचा प्रत्येक भाग वेगळा काढता येतो, तेवढाच बदलता येतो आणि परत बसवता येतो. त्याला लागणारं सामान गावात मिळतं आणि ते करणारे हात गावात असतात, निदान अजून आहेत. ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिकच्या खिडकीचं असं नसतं. तिचं रबर कडक होतं, चाकं झिजतात, दहा-पंधरा वर्षांत त्या मापाचा सेक्शन कंपनीने बंद केलेला असतो, आणि मग पुन्हा अख्खी खिडकीच बदलायची. मेंटेनन्स नाही, असं विकणारा सांगतो. त्यातला अर्धा अर्थ एवढाच, की मेंटेनन्स करताच येत नाही.

रंगाच्या आधी जी लांबी भरतात, ती हल्ली डब्यात तयार मिळते. काचेसाठी मात्र काकांनी हाताने मळली, खडूची पूड आणि जवसाचं तेल, पोळीची कणीक हाताला चिकटायची थांबते तितपत. ती काचेच्या कडेने अंगठ्याने दाबत गेले आणि सुरीच्या एका ओढीत धार काढली. वरून साय धरायला तिला दिवस लागतात, त्यानंतरच रंग. घाई केली तर रंगाला भेगा जातात. जाता जाता एक सूचना, कुणी घरी करणार असेल तर: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आतल्या आत तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. आणि जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भाग ही मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. पाणी मारून खरवडायचं, तोंडाला मास्क लावायचा, आणि रविवारशाळेच्या मुलांना तिकडे फिरकू द्यायचं नाही.

आता हवेचा मुद्दा. तो इतका साधा आहे की तो सभेत कुणाच्या लक्षात आला नाही याचं मला आजही नवल वाटतं. स्लायडिंग खिडकीचं एक तावदान दुसऱ्याच्या मागे सरकतं, म्हणजे ती कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. झडपांची खिडकी पूर्ण उघडते. एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. ईस्टरनंतरच्या रविवारी भरलेल्या चर्चमध्ये निम्मी हवा कमी करणं म्हणजे काय, ते पंख्याखाली जागा न मिळालेल्या म्हाताऱ्यांना विचारावं. शिवाय आमच्या कमानीतलं वरचं अर्धगोल तावदान मधल्या दोन बिजागऱ्यांवर फिरतं. खाली दोरी लोंबते, ती ओढली की ते कलतं आणि छताखाली साठलेली तापलेली हवा बाहेर निघून जाते. नव्या आराखड्यात ती कमान सिमेंटच्या चौकोनी पट्टीने बुजवून खाली आयताकृती खिडकी येणार होती. काळ्या पाषाणाच्या दोन हात जाड भिंती, उंच छप्पर, खालून थंड हवा आत आणि वरून गरम हवा बाहेर, हा सगळा एकच विचार आहे. त्यातली खिडकी काढली की उरलेलं दगडी चर्च उन्हाळ्यात भट्टी होतं, आणि मग एसीची देणगी मागावी लागते.

पूर्वेच्या, वेदीमागच्या खिडकीला हात लावायचं कुणाच्याच मनात नव्हतं. ती रंगीत आहे ना. तिच्यावर सगळ्यांचं प्रेम. पण प्रेमाच्या पोटी तिच्यावर जे करायचं ठरत होतं त्याने तिचं जास्त नुकसान झालं असतं. बाहेरून पॉलीकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा चारी बाजूंनी सिलिकॉन लावून पक्का बसवायचा, म्हणजे चेंडू लागणार नाही, पाऊस लागणार नाही. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आता त्या पत्र्याच्या आणि काचेच्या मध्ये सकाळचं ऊन कोंडून काय होतं ते बघा.

रंगीत खिडकीतले तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. पट्टीचा काप इंग्रजी एच अक्षरासारखा, दोन्ही खोबणींत दोन बाजूंच्या काचा बसतात, सांध्यांवर कथील-शिशाचा डाग दिलेला असतो. एकेका चिंधीला टाके घालून गोधडी होते तशी ती खिडकी. शिसं मऊ असतं. उन्हाने फुगतं, रात्री आक्रसतं, हे वर्षानुवर्षं चालून ते थकतं आणि स्वतःच्याच वजनाने खाली बसू लागतं. म्हणून मागे आडव्या लोखंडी सळ्या असतात आणि तांब्याच्या तारांनी खिडकी त्यांना बांधलेली असते. शंभर-सव्वाशे वर्षांनी शिसं बदलावं लागतं, हे त्या खिडकीच्या आयुष्यातलं ठरलेलं काम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मागे हवा कोंडली तर उष्णता कितीतरी वाढते, शिसं लवकर थकतं. रात्री आत बाष्प धरतं, त्या पाण्याने सळ्या गंजतात. गंजलेलं लोखंड फुगतं, आणि त्याची टोकं दगडात बसवलेली असल्यामुळे दगडच फुटतो. आमच्या खिडकीच्या डाव्या बाजूला अशी एक कपरी उडालेलीच आहे. पत्रा लावायचाच तर तो काचेपासून दूर लावावा, वर-खाली हवेला वाट ठेवावी आणि तो दगडात नव्हे, चुन्याच्या सांध्यात अडकवावा, म्हणजे उद्या काढता येईल. क्रिकेटच्या चेंडूसाठी तर बारीक तारेची जाळी पुरते.

त्या खिडकीत मध्यभागी मेंढपाळ आहे, खांद्यावर कोकरू. त्याच्या झग्याचा लाल तुकडा एका कोपऱ्यात टवका उडून फुटलेला आहे. शिडीवर चढून मी तो जवळून पाहिला. टवक्याच्या जागी काच बिनरंगी आहे! लाल रंग सगळ्या जाडीभर नसतोच. तांब्यापासून येणारा लाल इतका गडद असतो की अख्खी काच त्याची केली तर ती काळी दिसेल, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ पापुद्रा चढवलेला असतो. निळा कोबाल्टचा, तो मात्र आरपार. मेंढपाळाच्या डोक्यामागचं पिवळं वलय चांदीचं आहे, चांदीचं क्षारमिश्रण काचेच्या मागच्या बाजूला लावून भाजलं की काच पिवळी होते, ही युक्ती युरोपात चौदाव्या शतकापासूनची. चेहऱ्याच्या रेषा लोखंडाच्या भस्मात काचेची पूड मिसळून काढलेल्या आणि भट्टीत भाजून काचेत मुरवलेल्या आहेत. म्हणून ओल्या फडक्याने त्या जात नाहीत. पण भाजणी कच्ची राहिली असेल तर जातातही! नाताळच्या आधी उत्साही तरुण मंडळी कॉलिन आणि स्क्रबर घेऊन शिडीवर चढतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. मऊ ब्रशने धूळ झाडा, बस. त्यापुढचं जाणकाराने करावं.

मुंबईत असे जाणकार आहेत. १८५८ मध्ये पवित्र केलेल्या कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये विल्यम वेल्सने बनवलेल्या खिडक्या आजही उभ्या आहेत. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या रंगीत काचांची दुरुस्ती गेल्या दशकात झाली. चार तासांच्या अंतरावर हे ज्ञान आहे, आणि आपण शेजारच्या फॅब्रिकेटरला फोन करतो.

खिडकी म्हणजे उजेड आत घ्यायची जागा, आणि तो कसा घ्यायचा हा विचार नाशिकला कुणी बोटीतून आणून दिलेला नाही. पांडवलेण्यांतल्या अठराव्या लेण्याचं चैत्यगृह बघा. दारावर घोड्याच्या नालाच्या आकाराची मोठी कमान कोरली आहे, ती केवळ शोभेसाठी नाही, तिच्यातून येणारा उजेड आत स्तूपापर्यंत जातो. ज्या डोंगरात माणसांनी दगड कोरून उजेडाला वाट दिली, त्याच्या पायथ्याच्या शहरात आपण कमान सिमेंटने बुजवतो आहोत.

आता जे बोलायचं आहे ते थोडं मनातलं आहे. आम्हा नाशिककर ख्रिस्ती लोकांकडे इतिहास दाखवण्यासारख्या वस्तू फार थोड्या आहेत. आमचे गड नाहीत, वाडे नाहीत. शरणपूरची वसाहत चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात वसवली. समाजाने घराबाहेर काढलेल्यांना तिथे शेती आणि हस्तकला शिकवली जायची, सुतारकाम, लोहारकाम. हिंदी महासागरात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथेच वाढली, शिकली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा आफ्रिकेत मृत्यू झाला तेव्हा त्यांच्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती नाशकात शिकलेल्या या तरुणाने. मृतदेहाबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. त्या मुलांनी गोदावरीकाठच्या या गावात वाचायला शिकताना कुठल्या खिडकीचा उजेड पुस्तकावर घेतला असेल? ती खिडकी आज कुठे दाखवता येईल? शरणपूर आता रस्त्याचं नाव आहे, दोन्ही बाजूंना शोरूम आहेत, आणि तिथून रोज जाणाऱ्या बहुतेकांना यातलं काहीच माहीत नसतं. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक इथल्याच जलालपूरच्या, त्यांचं अखेरचं आयुष्यही नाशकातच गेलं. शब्द आमच्याकडे उदंड आहेत. हात लावून दाखवावं असं जे उरलंय ते थोडं आहे, आणि त्यात या खिडक्या आहेत.

म्हणून 'इंग्रजांची खिडकी, तिचं एवढं काय' हे वाक्य मला पटत नाही. काच बोटीतून आली असेल. ती बसवणारे हात इथले होते, आणि तिच्याखाली बसून ज्यांनी टाळ-मृदंगावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं म्हटली ती माणसं आमची होती. दक्षिणेच्या एका खिडकीखाली पितळेची पट्टी आहे, मराठीत. मंडळीतल्या एका शिक्षिकेच्या स्मरणार्थ. ती खिडकी काढली असती तर पट्टी कुठे लावणार होतो? देणगी देणाऱ्या कुटुंबाला मी हे वेगळं भेटून विचारलं. एका स्मरणाच्या जागी दुसरं स्मरण बसवावं, असं त्यांनाही मुळीच वाटत नव्हतं. कुणी त्यांना ही गोष्ट या बाजूने सांगितलीच नव्हती.

हा वाद जगात नवा नाही. इंग्लंडच्या विल्यम मॉरिस या कलावंताची कंपनी रंगीत खिडक्या बनवण्यासाठीच प्रसिद्ध होती. १८७७ मध्ये त्याने जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था स्थापन केली आणि त्याच सुमारास, नूतनीकरण चाललेल्या प्राचीन चर्चमध्ये आपण नव्या खिडक्या बसवणार नाही, असं कंपनीतर्फे जाहीर केलं. धंद्याचं नुकसान सोसून. पॅरिसच्या नोत्र दामला २०१९ मध्ये आग लागली. दक्षिणेच्या बाजूच्या प्रार्थनागृहांतल्या एकोणिसाव्या शतकातल्या खिडक्या त्या आगीतून सुखरूप वाचल्या, आणि नंतर त्यांतल्या सहा काढून आजच्या चित्रकाराच्या नव्या बसवायचं सरकारने ठरवलं. त्यावरून फ्रान्समध्ये मोठा विरोध झाला. आगीने जे नेलं नाही ते हौसेने का काढता, हा त्यांचा प्रश्न माझ्याही मनात आहे. त्याच फ्रान्सने १९३९ मध्ये युद्ध दारात असताना शार्त्रच्या कॅथेड्रलच्या खिडक्या उतरवून, पेट्यांत भरून दूर नेऊन ठेवल्या होत्या, आणि युद्धानंतर परत जागेवर बसवल्या.

आमच्या अडचणी खऱ्या आहेत, हे मी नाकारत नाही. डास आहेत, डेंग्यूची साथ दरवर्षी येते. रस्त्यावरच्या हॉर्नमुळे प्रवचन ऐकू येत नाही. कबुतरं आहेत. पण डासांची जाळी वेगळ्या हलक्या चौकटीत आतून बसवता येते, झडपा बाहेर उघडतात त्यामुळे तिची आडकाठी होत नाही. आवाजाचा बराच भाग फटींतून येतो, झडप नीट बसली आणि कडी लागली की तो कमी होतो. दुरुस्त केलेल्या पहिल्या खिडकीजवळ बसणाऱ्या आजींनी हे आपणहून सांगितलं. पैशांचं म्हणाल तर काकांची मजुरी आणि लाकूड धरून होणारा खर्च नव्या खिडकीच्या आसपासच येतो. फरक एवढाच, की इथे पैसे बहुतेक मजुरीत जातात, गावातल्या माणसाच्या घरी.

कमिटीने शेवटी एक खिडकी नमुना म्हणून दुरुस्त करून पावसाळा काढायचं ठरवलं. पावसाळ्यात ती गळली नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बाकीच्यांचं काम सुरू होईल. एका वेळी एकच खिडकी उतरवायची, तिची चौकट तेवढे दिवस ताडपत्रीने झाकायची, उपासना बंद ठेवायची नाही, असं ठरलंय. देणगीदार कुटुंबाने रक्कम तीच ठेवली आहे, पट्टीवरचा मजकूर बदलून 'या खिडक्यांची दुरुस्ती यांच्या स्मरणार्थ' असा करायचा. काकांच्या हाताखाली मंडळीतली दोन तरुण मुलं काम शिकायला येणार आहेत. त्यातल्या एकाचं आयटीआय सुतारकामातच झालंय.

एक अडचण उरली आहे आणि त्यासाठी वाचकांकडे मागणं आहे. फुटलेल्या जागी घालायला आम्हाला जुनी, लाटा असलेली साधी काच हवी आहे. नाशकात वाडे, जुने बंगले, रेल्वेची क्वार्टर्स पाडली जातात तेव्हा लाकूड विकलं जातं आणि काच मात्र ढिगाऱ्यात जाते. तुमच्या ओळखीत कुठे जुनं घर उतरवत असतील, तर तावदानं फोडण्याआधी कळवा. तुकडा वीतभर असला तरी चालेल. कापून घेऊ. आणि तुमच्या स्वतःच्या चर्चमध्ये खिडक्या बदलायचं घाटत असेल, तर एखाद्या सुताराला टोचा घेऊन आधी बोलवा, आणि काहीही उतरवण्यापूर्वी प्रत्येक तावदानाचा फोटो काढून त्यावर नंबर टाका. काढलेलं एकही तावदान भंगारवाल्याला देऊ नका.